ट्रॅक डेसाठी सुरक्षा साहित्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रॅक डे म्हणजे आपलीच गाडी रेस ट्रॅकवर चालवायचा दिवस. त्याची तारीख जवळ आली की तेच तेच प्रश्न येऊ लागतात. सकाळी गाड्या आणि हेल्मेट तपासायला मी उभा असतो, तेव्हाही निम्मा वेळ तीच उत्तरं देण्यात जातो. म्हणून ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक ठिकाणी पाळली जाणारी पद्धत मी सांगितली आहे. तुमच्या आयोजकाचं नियमपत्रक त्याहून कडक असेल, तर ते पाळायचं.

१. मी पहिल्यांदाच येतोय आणि गाडी रोजच्या वापरातलीच आहे. कमीत कमी काय लागेल?

प्रमाणित हेल्मेट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, सुती फुल पँट, पातळ तळव्याचे बंद बूट आणि गाडीचा कंपनीने दिलेला सीटबेल्ट, तोही धड चालणारा. छप्पर असलेल्या गाडीसाठी नवशिक्यांच्या गटात बहुतेक ठिकाणी एवढं पुरतं. उघडी गाडी असेल तर प्रश्न १५ आधी वाचा.

अग्निरोधक सूट, हार्नेस (रेसिंगचा अनेक पट्ट्यांचा सीटबेल्ट), बकेट सीट (अंगाला घट्ट धरणारी रेसिंगची सीट) यांची यादी पाहून पुष्कळ जण घाबरतात आणि येणंच पुढे ढकलतात. त्याची गरज नाही. पहिल्या वर्षी चांगलं हेल्मेट घ्या आणि उरलेले पैसे ताजं ब्रेक ऑइल आणि चांगले ब्रेक पॅड यांवर खर्च करा. ब्रेक ऑइल उकळून पेडल जमिनीला टेकलं, तर अंगावरचा सूट गाडी थांबवत नाही.

२. रेसचे नियम ट्रॅक डेला लागू होतात का?

नाही. ट्रॅक डेला वेळेची शर्यत नसते. ओव्हरटेक ठरलेल्या जागी आणि पुढच्याने हात दाखवल्यावरच करायचं असतं. रेसमध्ये गाड्या एकमेकींना खेटून पळतात, म्हणून तिथे केज (गाडीच्या आतला लोखंडी नळ्यांचा पिंजरा), सहा पॉइंटचा म्हणजे सहा जागी बांधलेला हार्नेस, अग्निरोधक सूट, हान्स (धडकेत मान वाचवणारी कॉलर) हे सगळं सक्तीचं असतं. टाइम अटॅकसारखे प्रकार, जिथे कमीत कमी वेळात फेरी मारायची असते, या दोन्हींच्या मधे येतात, त्यांचं नियमपत्रक वेगळं मागून घ्या.

३. हेल्मेटवर एसए, एम, के असं लिहिलेलं असतं. त्यांत फरक काय?

ही अक्षरं स्नेल फाउंडेशनच्या प्रमाणपत्राची आहेत. पीट स्नेल हा हौशी रेसर १९५६ मध्ये अपघातात गेला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, पण ते कामी आलं नाही. त्याच्या मित्रांनी १९५७ मध्ये ही संस्था उभी केली आणि तेव्हापासून ती हेल्मेटच्या चाचण्या घेते.

एसए हे मोटार रेसिंगसाठी, एम मोटारसायकलसाठी आणि के कार्टिंगसाठी. एसए हेल्मेटच्या आतला कपडा आणि पट्टा आग पकडत नाही, आणि त्याची तशी चाचणी झालेली असते. शिवाय रोल बारच्या (गाडी उलटली तर आधार देणाऱ्या लोखंडी कमानीच्या) नळीवर डोकं एकाच जागी पुन्हा पुन्हा आपटलं तर काय होईल, हेही तपासलेलं असतं. के हेल्मेट मारासाठी एसएसारखंच तपासतात, पण त्याला आगीची चाचणी नसते. एममध्ये यातलं काहीच नसतं. मात्र त्याची नजरेची खिडकी जास्त रुंद असते, कारण दुचाकीस्वाराला रस्त्यावर दोन्ही बाजूंचं दिसावं लागतं.

नवीन घेणार असाल तर एसएच घ्या. एसए २०१५ पासून पुढच्या प्रत्येक हेल्मेटच्या कवचात हान्सचे खिळे बसवायला आटे असलेली भोकं असतात, त्यामुळे पुढे हान्स घ्यायचं ठरवलं तरी हेल्मेट बदलावं लागत नाही. एफआयएचा (मोटार स्पर्धांच्या जागतिक संस्थेचा) ८८५९ किंवा ८८६० हा शिक्का असलेलं हेल्मेटही बहुतेक ठिकाणी चालतं.

४. हेल्मेटवर प्रमाणपत्राचं लेबल कुठेच दिसत नाही. मग काय करू?

आत पहा. कानाजवळची किंवा डोक्यावरची गादी दोन बोटांनी हळूच उचला, खाली थर्मोकोलसारखा कडक फोम लागेल. स्नेलचं छोटं, आयताकृती, क्रमांक असलेलं लेबल त्या फोमवर किंवा कवचाच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं असतं. हे घरीच करा. तपासणीच्या रांगेत घाईघाईने गादी ओढताना तिचे टाके उसवलेले मी पाहिले आहेत.

शोधूनही लेबल मिळालं नाही, तर तपासणाऱ्याच्या लेखी ते हेल्मेट अप्रमाणितच. बाहेरून मारलेल्या स्टिकरला काही किंमत नाही, तो कुणीही छापू शकतो.

५. माझ्याकडे मोटारसायकलचं चांगलं हेल्मेट आहे. ते चालेल का?

काही आयोजक नवशिक्यांना स्नेल एम किंवा ईसीई २२.०६ (युरोपातलं मानक) चं हेल्मेट चालवून घेतात, विशेषतः कंपनीच्याच सीटबेल्टवर चालणाऱ्या बंद गाडीत. पुष्कळ ठिकाणी मात्र फक्त एसए चालतं. निव्वळ डॉट (अमेरिकेतला) किंवा आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट बहुतेक वेळा परत पाठवतात. आधी विचारून घ्या.

गाडीत केज किंवा रोल बार असेल, तर नियम काहीही म्हणो, मोटारसायकलचं हेल्मेट घालू नका असं मी सांगेन. लोखंडी नळी डोक्यापासून वीतभर अंतरावर असते आणि त्या माराची चाचणी एम हेल्मेटवर झालेली नसते.

६. हेल्मेट किती वर्षं वापरता येतं? एकदा हातातून पडलं तर टाकून द्यायचं का?

स्नेलची मानकं साधारण दर ५ वर्षांनी बदलतात: २०१०, २०१५, २०२०, २०२५. आयोजक बहुधा सर्वांत नवीन मानक आणि त्याच्या आधीचं एक स्वीकारतात. नवं मानक आल्यावर जुन्यांतलं सर्वांत जुनं बाद करायला थोडी मुदत देतात. म्हणजे हेल्मेट साधारण १० वर्षं तपासणीतून जाऊ शकतं. पण घाम, केसांचं तेल आणि ऊन यांनी आतला फोम आणि गोंद खराब होत जातो, म्हणून ५ वर्षांच्या वापरानंतर बदला असा खुद्द स्नेलचा सल्ला आहे. नियमित येणाऱ्याने तो पाळावा.

पडण्याबद्दल: आतला फोम एकदाच दबतो. मार शोषून तो चेपला की पुन्हा फुगत नाही, आणि वरचं कवच मात्र जसंच्या तसं दिसतं. रिकामं हेल्मेट टेबलावरून घसरलं तर फोमवर भार आलेला नसतो, कारण आत डोकं नसतं. अशा वेळी कवचाला तडा नाही ना एवढं नीट पहा. डोक्यात असताना हेल्मेट जोरात आपटलं असेल, तर त्याचं काम संपलं. ते कुणाला देऊही नका.

आणखी एक. हेल्मेट रंगवू नका, थिनर किंवा पेट्रोलने पुसू नका. काही कवचं त्यानं ठिसूळ होतात.

७. माप बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

भुवयांच्या बोटभर वर टेप धरा, डोक्याच्या मागचा सर्वांत फुगीर भाग तिच्यात घ्या आणि घेर मोजा. त्यावरून कंपनीच्या तक्त्यातला आकार निवडा. नवं हेल्मेट गालांना दाबलं पाहिजे, इतकं की बोलताना गाल दातांत येतील. कपाळावर एकाच ठिकाणी दुखायला लागलं, तर तुमच्या डोक्याच्या ठेवणीला ती कंपनी जमत नाही. दुसरी पहा, मोठा आकार घेऊ नका.

मग पट्टा आवळून दोन परीक्षा करा. हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे फिरवा. त्याच्याबरोबर गालांची कातडीही फिरली पाहिजे. नंतर कुणाला तरी मागची कड पकडून वर आणि पुढे ढकलायला सांगा. माझ्या पहिल्या ट्रॅक डेला तपासणाऱ्या काकांनी माझ्या हेल्मेटच्या मागच्या कडेत दोन बोटं अडकवली, पुढे लोटलं आणि पट्टा बांधलेला असतानाच ते माझ्या नाकावरून निघून त्यांच्या हातात आलं. मी दुकानात आरामशीर वाटतं म्हणून एक आकार मोठं घेतलं होतं. त्या दिवशी मी उसनं हेल्मेट घालून गाडी चालवली, आणि तेव्हापासून ही परीक्षा मी प्रत्येकाची घेतो.

८. ओपन फेस (चेहरा उघडा राहणारं) आणि हनुवटी उघडणारं मॉड्युलर हेल्मेट चालतं का?

ओपन फेस एसए प्रमाणित असेल तर बंद गाडीत अनेक ठिकाणी चालतं. एअरबॅग असलेल्या गाडीतही चेहरा झाकलेला बरा, म्हणून मी फुल फेस सुचवतो. उघड्या गाडीत फुल फेस आणि व्हायझर लागतोच. मॉड्युलर हेल्मेट बहुतेक आयोजक नाकारतात, कारण मार बसल्यावर त्याची बिजागरी उघडू शकते.

९. अग्निरोधक सूट सक्तीचा आहे का? नसेल तर काय घालू?

ट्रॅक डेला सहसा सक्ती नसते. पण काय घालू नये याची सक्ती असायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. पॉलिस्टर, नायलॉन, जिममधले चकचकीत टी-शर्ट, लेगिंग हे काहीही नको. पॉलिस्टर साधारण २५० अंश सेल्सिअसला वितळतं आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटून जळत राहतं. सुती कापडही जळतं, पण चिकटत नाही. आतले कपडे आणि मोजेसुद्धा सुतीच असू द्या. तिथे कुणाचं लक्षच जात नाही.

सूट घेणार असाल तर त्यावरचा आकडा वाचायला शिका. एसएफआय या अमेरिकन संस्थेच्या ३.२ए मानकाच्या पुढे जो आकडा असतो, तो आगीत किती वेळ मिळेल हे सांगतो. ३.२ए/१ म्हणजे एक पदरी सूट, त्यात दुसऱ्या दर्जाचा भाजण्याचा व्रण यायला सुमारे ३ सेकंद लागतात. ३.२ए/५ मध्ये सुमारे १० सेकंद मिळतात. आता आपल्याच गाडीत बसून घड्याळ लावून पहा: हेल्मेट, हातमोजे घालून पट्टा सोडायचा, दार उघडायचं आणि बाहेर यायचं. ३ सेकंदांत कुणीही बाहेर येत नाही. म्हणून घ्यायचाच तर ३.२ए/५ किंवा एफआयए ८८५६ चा घ्या. एक पदरी सूटच्या आत नोमेक्सची (आग न पकडणाऱ्या धाग्याची) बनियन आणि पायजमा घातला तरी बराच फरक पडतो, कारण दोन थरांमधली हवा उष्णता अडवते.

धुताना ब्लीच आणि फॅब्रिक सॉफ्टनर टाळा. नोमेक्सचा धागाच मुळात आगीला दाद देत नाही, त्यामुळे धुण्याने तो गुण जात नाही. रसायन चढवलेल्या सुती सूटचा मात्र धुण्यागणिक कमी होत जातो. आणि सूट घालून गाडीखाली शिरू नका. ऑइल आणि पेट्रोलचे डाग पडलेला सूट स्वतःच पेट घेतो.

१०. बूट आणि हातमोजे?

बूट पातळ तळव्याचे, बंद आणि शक्यतो चामड्याचे असावेत. पळायच्या बुटांचा जाड, फुगीर तळवा दोन पेडलांवर एकदम पडतो आणि ब्रेक किती दाबला गेला हेही पायाला कळत नाही. सँडल, चपला, अनवाणी पाय चालत नाहीत. हातमोजे सक्तीचे नसले तरी घामाने स्टिअरिंग निसटतं, म्हणून उपयोगी पडतात. मात्र पॉलिस्टरचे नकोत.

११. गाडीचा कंपनीचा तीन पॉइंटचा सीटबेल्ट पुरेसा आहे का?

हो. तो बेल्ट, ती सीट, त्या एअरबॅग आणि समोरचा चेपणारा भाग हे सगळं एकमेकांचा हिशेब धरून बनवलेलं असतं. यातलं काहीही न बदललेली गाडी चांगली सुरक्षित असते. हार्नेस घ्यायच्या आधी ही गोष्ट नीट लक्षात घ्या, म्हणजे पुढचा प्रश्न सोपा जाईल.

वळणावर अंग सरकतं म्हणून तक्रार असेल तर एक युक्ती करा. सीट थोडी मागे घ्या, बेल्ट लावा, खांद्याजवळचा पट्टा झटकन ओढून तो अडकवा आणि अडकलेला असतानाच सीट पुढे आपल्या जागी आणा. छाती आणि मांड्या पक्क्या धरल्या जातात. बहुतेक गाड्यांत हे जमतं. कमरेचा पट्टा पोटावर नको, खाली कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे.

१२. कंपनीच्या सीटवर चार पॉइंटचा हार्नेस लावला तर जास्त सुरक्षित नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. उत्तर आहे: नाही, बऱ्याचदा धोका वाढतो.

समोरून धडक बसली की खांद्याचे दोन पट्टे वरच्या दिशेने ताण देतात आणि त्यांच्याबरोबर कमरेचा पट्टा पोटावर चढतो. त्याला खाली धरणारा पायांमधला पट्टा चार पॉइंटमध्ये नसतो. मग शरीर कमरेच्या पट्ट्याखालून पुढे घसरतं. याला सबमरीनिंग म्हणतात. सगळा भार हाडांऐवजी पोटातल्या अवयवांवर आणि मणक्यावर येतो. म्हणून पाच किंवा सहा पॉइंट लागतात, आणि पायांमधला पट्टा जायला भोक असलेली सीट लागते. काही चार पॉइंट पट्ट्यांमध्ये एका खांद्याच्या पट्टीत मुद्दाम सुटणारी शिवण असते, तिच्यामुळे धड थोडं वळतं आणि घसरत नाही. श्रॉथ कंपनीचा एएसएम हा तसा प्रकार. तो त्या कंपनीने नावानिशी मान्य केलेल्या गाड्यांतच, कंपनीच्या सीटवर लावायचा असतो.

दुसरी अडचण छपराची. गाडी उलटली की छप्पर खाली येतं. साध्या बेल्टमध्ये शरीर बाजूला कलू शकतं, हार्नेस मात्र तुम्हाला ताठ धरून ठेवतो. छपराला आधार द्यायला रोल बार नसेल, तर तो भार डोक्यावर आणि मानेवर येतो.

तिसरी अडचण मानेची. ती प्रश्न १४ मध्ये आहे.

म्हणून हार्नेस, त्याला साजेशी सीट, रोल बार आणि हान्स ही चारही एकत्र घ्यायची असतात. चारही जमत नसतील, तर प्रश्न ११ मधला बेल्टच तुमच्यासाठी चांगला.

१३. हार्नेस बसवलाय. तपासणीत काय काय पाहतात?

आधी तारीख. एफआयएच्या पट्ट्यावर कोणत्या वर्षापर्यंत वैध तेच छापलेलं असतं. एसएफआयच्या पट्ट्यावर बनवल्याची तारीख असते, आणि रेसमध्ये तिथून २ वर्षं धरतात. ट्रॅक डेला काही आयोजक त्यापेक्षा जास्त सवलत देतात. उन्हाने पट्ट्याचा धागा कमजोर होतो, म्हणून रंग उडालेला, कडा विसकटलेला पट्टा तारखेत असला तरी मी नाकारतो.

मग कोन. खांद्याचे पट्टे खांद्यापासून मागे जवळजवळ आडवे किंवा किंचित खाली उतरत जायला हवेत. ते मागच्या सीटच्या पायथ्याशी, जमिनीत बांधलेले असतील तर धडकेत ते खांदे खाली दाबतात आणि मणका चेपतो. हे मला दर दोन-तीन तपासण्यांत एकदा तरी दिसतं. बोल्टही साधे नकोत. आयबोल्ट (पट्टा अडकवायला माथ्यावर कडी असलेला बोल्ट) बॉडीला लावताना मागे जाड पत्र्याचा आधार हवा, नाहीतर पातळ पत्र्यातून बोल्ट उपटून येतो.

पट्टा बकलातून जाताना पिळलेला नाही ना आणि समायोजकात (लांबी कमी-जास्त करायच्या कडीत) परत उलटा ओवलेला आहे ना, हे स्वतः हात फिरवून पहा. एकदा एका गाडीच्या उजव्या पट्ट्याचं टोक मी नुसतं चिमटीत धरून खेचलं आणि सगळा पट्टा सरसर बाहेर आला, कारण परतीचा वेढाच घातलेला नव्हता. मालक तसाच आधीचे दोन ट्रॅक डे चालवून आला होता.

मोठा अपघात झालेला हार्नेस दिसायला कितीही चांगला असला तरी बदला. धागा ताणला गेलेला असतो.

१४. हान्स म्हणजे काय आणि माझ्यासाठी आवश्यक आहे का?

डोकं आणि हेल्मेट मिळून साधारण ६ किलो भरतं. हार्नेस छाती घट्ट धरतो, म्हणून धडकेत धड थांबतं आणि हे ६ किलो वजन एकट्या मानेच्या जोरावर पुढे झेपावतं. त्यातून कवटीचा तळ फुटतो. २००१ मध्ये डेटोना येथे अमेरिकन रेसर डेल अर्नहार्ट याच इजेने गेले. त्याच वर्षी नासकार या अमेरिकन रेस संस्थेने डोकं-मान रोखणारं साधन सक्तीचं केलं आणि २००३ पासून फॉर्म्युला वनमध्ये हान्स सक्तीचं झालं. अमेरिकन प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, रेसर जिम डाउनिंग यांनी ते १९८० च्या दशकात तयार केलं होतं. म्हणजे इलाज हाताशी असूनही बरीच वर्षं सक्ती झाली नव्हती.

हान्स ही खांद्यांवर बसणारी कॉलर असते. ती खांद्याच्या पट्ट्यांखाली दाबली जाते आणि हेल्मेटला दोन दोऱ्यांनी जोडलेली असते. त्यामुळे डोकं आणि धड बरोबर थांबतात. तुम्ही पाच-सहा पॉइंटचा हार्नेस वापरत असाल तर हान्स घ्याच. एसएफआय ३८.१ किंवा एफआयए ८८५८ हे शिक्के पहा.

तीन पॉइंटच्या बेल्टवर हान्स काम करत नाही, कारण तिला धरून ठेवायला दोन्ही खांद्यांवर पट्टे लागतात. त्यासाठी छातीला बांधायचं वेगळ्या जातीचं साधन मिळतं. हान्समध्ये १०, २०, ३०, ४० अंश असे कोन असतात. ताठ बसत असाल तर कमी, फॉर्म्युला गाडीसारखं पडून बसत असाल तर जास्त. बहुतेक बंद गाड्यांना २० अंश जुळतो.

१५. माझी गाडी कन्व्हर्टिबल आहे. काही वेगळे नियम?

हो, आणि इथे सवलत मागू नका. प्रमाणित रोल बार लागतो. दिसायला छान असलेली, नुसती शोभेची कमान चालत नाही. तुम्ही हेल्मेट घालून बसल्यावर रोल बारच्या माथ्यावरून समोरच्या काचेच्या चौकटीपर्यंत एक सरळ काठी धरतात. हेल्मेट त्या काठीच्या खाली, शक्यतो ५ सेंटिमीटर खाली राहिलं पाहिजे. उंच माणसांचं बऱ्याचदा इथेच अडतं. सीट खाली घेऊनही जमत नसेल, तर ती गाडी तुमच्यासाठी नाही.

पूर्ण उघड्या गाड्यांत हात बाहेर फेकले जाऊ नयेत म्हणून दंडाला बांधायचे पट्टे मागतात. काही कंपन्या सीटमागून आपोआप वर येणारे बार देतात. ते काही आयोजक मानतात, काही मानत नाहीत.

१६. पूर्ण रोल केज बसवून तीच गाडी रोज रस्त्यावर चालवू का?

नको. ट्रॅकवर डोक्यावर हेल्मेट असतं, रस्त्यावर नसतं. उघडं डोकं पोलादी नळीवर आपटलं तर शहरातल्या साध्या धडकेतही जीव जाऊ शकतो. डोक्याजवळच्या नळीवर एसएफआय ४५.१ किंवा एफआयए ८८५७ चा कडक फोम लावतात, पण तो हेल्मेटच्या माराचा हिशेब धरून केलेला असतो. एकच गाडी दोन्हीकडे वापरायची असेल, तर मागच्या सीटच्या जागी बसणारा चार खांबांचा रोल बार हा मधला मार्ग आहे. मग मागे कुणालाही बसवायचं नाही.

१७. गाडीत अग्निशामक ठेवायलाच हवा का?

अनेक ठिकाणी सांगतात, सगळीकडे नाही. ठेवलाच तर नीट ठेवा. पट्ट्यात बसलेला असताना हात पोहोचेल अशा जागी, धातूच्या क्लॅम्पने, बोल्ट मारून. प्लॅस्टिकच्या क्लिपमध्ये किंवा सीटखाली नुसता ठेवलेला सिलिंडर धडकेत थेट पायांवर किंवा डोक्यावर येतो, आणि त्यापेक्षा तो नसलेला बरा. दाब दाखवणाऱ्या काट्याचं टोक हिरव्यात हवं. पावडरचा सिलिंडर गाडीच्या हादऱ्यांनी आत घट्ट बसतो, म्हणून अधूनमधून उलटा करून हलवा. पावडर वायरिंग आणि ॲल्युमिनियम खाते. शक्य असेल तर वायूचा, मागे काही न सोडणारा प्रकार घ्या.

आग लागली तर आधी बाहेर पडा. सिलिंडर नंतर.

१८. खिडक्या उघड्या का ठेवायला लावतात? एअरबॅग बंद करायची का?

खिडकीतून हात काढून ओव्हरटेकची खूण करायची असते, आणि अपघात झाल्यास बचाव पथकाला पट्टा सोडवायला तिथूनच आत हात घालता येतो. धूरही बाहेर जातो.

कंपनीचा बेल्ट आणि सीट वापरत असाल तर एअरबॅग चालूच ठेवा. हार्नेस आणि बकेट सीट बसवली असेल तर एअरबॅगचा हिशेब बदलतो, आणि ती बंद करायची की नाही हे जाणकार मेकॅनिककडूनच ठरवून घ्या. घरी स्वतः कनेक्टर काढायला जाऊ नका, ती हातात फुटू शकते.

१९. शेजारी मित्राला किंवा इन्स्ट्रक्टरला बसवायचं असेल तर?

त्याच्यासाठीही तेच सगळं: हेल्मेट, कपडे, बूट. महत्त्वाची अट अशी की दोन्ही सीटना सारखीच सुरक्षा हवी. तुम्ही सहा पॉइंटमध्ये आणि शेजारचा साध्या बेल्टमध्ये हे पुष्कळ आयोजक मान्य करत नाहीत, आणि मलाही ते पटतं. शिकवायला आलेला माणूस तुमच्या चुकीची किंमत तुमच्यापेक्षा जास्त मोजेल अशी मांडणी योग्य नाही. मागच्या सीटवर कुणीही बसत नाही.

२०. चष्मा, लांब केस, दाढी असेल तर?

चष्मा चालतो, फक्त काचा प्लॅस्टिकच्या असाव्यात आणि काड्या सरळ, बारीक असाव्यात, म्हणजे घट्ट हेल्मेटमध्ये सरकवता येतात. हेल्मेट विकत घेताना चष्मा लावूनच घालून पहा. लांब केस आणि दाढी बालाक्लाव्हात (हेल्मेटखाली घालायच्या कापडी टोपीत) पूर्ण झाका. केसांचा अंबाडा मात्र घालू नका, हेल्मेट नीट बसत नाही. अंगठ्या, साखळ्या, कानातले काढून ठेवा.

२१. हेल्मेटवर कॅमेरा लावू का?

नाही. मार बसल्यावर तो टोकदार ठोकळा सगळा जोर एका जागी देतो आणि डोकं झटक्यात फिरवतो. कॅमेरा गाडीत लावा, पण काचेवरच्या चोषक कपावर विसंबू नका. रोल बारला क्लॅम्प आणि शिवाय एक सुरक्षा दोरी.

२२. वापरलेलं साहित्य स्वस्तात मिळतंय. घेऊ का?

सूट, बूट, हातमोजे खुशाल घ्या, लेबल आणि शिवण पाहून. हान्सचं कवच ठीक असेल तर दोऱ्या नव्या टाका. हेल्मेट आणि हार्नेस घेऊ नका. कारणं प्रश्न ६ आणि १३ मध्ये दिली आहेत. मालक प्रामाणिक असला तरी आतला फोम काय सोसून आला आहे हे त्यालाही ठाऊक नसतं.

२३. माझ्याकडे कार्टिंगचा सूट आणि हेल्मेट आहे. गाडीत चालेल?

सूट नाही. कार्टच्या सूटचं काम घसरताना कातडी सोलवटू न देणं, आगीशी त्याचा संबंध नसतो, आणि बरेचसे तर नायलॉनचे असतात. के हेल्मेट काही ठिकाणी नवशिक्यांना चालवून घेतात.

इथेच एक उलट प्रश्न येतो: कार्टला पट्टाच नसतो, मग गाडीत का? कार्टला छप्परही नसतं आणि रोल बारही नसतो. ती उलटली तर माणूस तिच्यापासून सुटून बाजूला पडावा अशीच तिची रचना आहे, म्हणून तिथे पट्ट्याऐवजी बरगड्यांचं संरक्षक जॅकेट घालतात. प्रश्न १२ मधलं छपराचं गणित इथेही तेच आहे.

२४. इलेक्ट्रिक गाडी आणली तर?

हेल्मेट आणि कपड्यांत फरक नाही. आधी विचारून घ्या, कारण काही ट्रॅक इलेक्ट्रिक गाड्या घेतच नाहीत. लिथियम बॅटरीची आग गाडीतल्या छोट्या सिलिंडरने विझत नाही आणि विझल्यासारखी वाटली तरी पुन्हा पेटते. धडकेनंतर बाहेर पडा, दूर उभे राहा आणि मार्शलला (ट्रॅकवरच्या सुरक्षा कर्मचाऱ्याला) पहिलं वाक्य हेच सांगा: गाडी इलेक्ट्रिक आहे.

२५. सकाळी तपासणीत काही नापास झालं तर दिवस वाया जातो का?

सहसा नाही. बहुतेक ठिकाणी भाड्याची हेल्मेट असतात, पण मापं मोजकी असल्यामुळे लवकर पोहोचा. पॉलिस्टरचा टी-शर्ट घालून आला असाल तर बदलून परत या. हार्नेस नाकारला गेला आणि मूळ बेल्ट जागेवर असेल, तर तो लावून चालवायला बऱ्याचदा परवानगी मिळते, म्हणून हार्नेस बसवताना मूळ बेल्ट कापून टाकू नका. रोल बारअभावी अडकलेली उघडी गाडी मात्र त्या दिवशी ट्रॅकवर जात नाही. अशा वेळी वर्गाला बसा, इन्स्ट्रक्टरच्या शेजारी बसून दोन फेऱ्या मारा आणि तपासणीच्या कागदावर काय लिहिलं आहे त्याचा फोटो काढून घ्या. पुढच्या वेळी मी तोच कागद आधी मागतो.